राहून गेलेले शब्द

पुण्यात ‘अमृततुल्य’ हे नाम आहे. संस्कृतात ते विशेषण, पण इथे माणसे अमृततुल्यात बसतात, अमृततुल्यासमोर गाडी लावतात, ‘कोपऱ्यावरच्या अमृततुल्याला ये’ म्हणून मित्राला फोन करतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी शहरात आले-वेलची घालून उकळलेल्या चहाची छोटी दुकाने मांडली. पाटीवर देवाचे नाव आणि त्यापुढे ‘अमृततुल्य’ असे लिहिण्याची रीत पडली आणि हळूहळू ते विशेषणच दुकानाचे नाव झाले. शब्दाची फोड केली तर ‘अमृतासारखे’ एवढाच अर्थ हाती लागतो. चहाचे दुकान हा अर्थ फोडीतून निघत नाही. तो कोणीतरी लिहून ठेवावा लागतो, आणि कुठे, केव्हापासून, कोणत्या वाक्यात वापरतात तेही.

अशा राहून गेलेल्या शब्दांची आणि अर्थांची नोंद सगळ्यांनी मिळून कशी करायची, हा या पुस्तिकेचा विषय आहे. ‘विक्शनरी’ हा सहकारी पद्धतीचा मुक्त शब्दकोश डिसेंबर २००२ मध्ये इंग्रजीतून सुरू झाला. पुढे त्याच्या अनेक भाषांतल्या आवृत्त्या निघाल्या, त्यात मराठीही आहे. त्यात कोणालाही नवी नोंद लिहिता येते आणि दुसऱ्याची नोंद दुरुस्त करता येते. कोणी काय बदलले, याचा इतिहास प्रत्येक पानाच्या मागे राहतो. ही यंत्रणा नवी असली तरी काम जुने आहे, आणि त्यातला मोठा वाटा याच शहरात झालेला आहे. म्हणून नव्या कार्यकर्त्याने आधी मागे काय झाले ते पाहावे.

१८५७ साली मुंबईत जेम्स टी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने इंग्रजी कोशांत न आलेले शब्द गोळा करायला एक समिती नेमली. समितीला फक्त पुरवणी काढायची होती. पण राहून गेलेले इतके निघाले की पुरवणीने भागेना, सगळा कोशच नव्याने करावा असे ठरले आणि त्यातून ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना जाहीर आवाहन केले : पुस्तके वाचा, शब्द सापडला की तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तकाचे नाव आणि पान एका चिठ्ठीवर लिहून पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग आले. पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि शेवटचा १९२८ मध्ये. एवढे करूनही ‘बॉन्डमेड’ हा साधा शब्द मुख्य कोशात यायचा राहिला, कारण त्याच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या.

मराठीचे काम त्याआधीचे. मोल्सवर्थ कोवळ्या वयात कंपनीच्या लष्करात आले आणि सोलापूरला असताना मराठी शब्द टिपू लागले. पुढे मुंबई सरकारने हे काम अंगावर घेतले, जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू सोबतीला आले आणि शास्त्रीमंडळी दिमतीला मिळाली. १८२९ मध्ये शास्त्र्यांचा मराठी-मराठी ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघू लागला आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांची पहिली आवृत्ती आली. दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे साठ हजारांवर गेली. लोक त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत, आणि ते कौतुकाने. या कोशाचे मोल शब्दसंख्येपेक्षा अर्थ सांगण्याच्या पद्धतीत आहे. शब्द कोणत्या प्रसंगी वापरतात, त्यावर कोणती म्हण आहे, जवळच्या दुसऱ्या शब्दाहून तो कुठे वेगळा पडतो, हे मोल्सवर्थ सविस्तर सांगतात. थॉमस कँडी पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले आणि मराठी क्रमिक पुस्तकांच्या भाषेवर त्यांचा हात फिरला.

त्यानंतरचा मोठा टप्पा पूर्णपणे पुण्याचा. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले संपादक. त्यांनी सहकाऱ्यांसह ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाती घेतला. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी आली. ज्ञानेश्वरीपासून बखरींपर्यंतचे दाखले आणि प्रांतोप्रांतीचे शब्द त्यात एकत्र आले. ते कुठले हे सांगणाऱ्या खुणाही दिल्या : ‘राजा.’ म्हणजे राजापुरी, ‘व.’ म्हणजे वऱ्हाडी, ‘गो.’ म्हणजे गोमंतकी. आकाराने आणि दाखल्यांच्या श्रीमंतीने त्याच्या तोडीचा एकभाषी मराठी कोश दुसरा नाही.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाची मांडणी केली. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द उचलून चिठ्ठ्या तयार झाल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. त्या कपाटांच्या खणांत वर्णानुक्रमे लावलेल्या आहेत. छपाई १९७६ मध्ये सुरू झाली आणि तिशीच्या पुढे खंड गेले तरी कोश ‘अ’च्याच प्रदेशात होता. हे ऐकून कोणाला संथपणा दिसेल. पण एकेका शब्दाचा तीन हजार वर्षांतला प्रवास दाखल्यांनिशी सांगायचा तर एवढा वेळ लागतोच, आणि तो दिलाच पाहिजे.

या सगळ्या थोर कामांत एक उणीव समान आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. चिठ्ठी पुस्तकातून निघते. जो शब्द पुस्तकात आला नाही त्याची चिठ्ठी झाली नाही. हाताने काम करणाऱ्यांची भाषा पुस्तकात कमी आली, म्हणून कोशातही कमी आली. मोल्सवर्थ यांना शब्द पुरवणारे शास्त्री विद्वान होते, पण ते एका समाजातले होते. दाते-कर्व्यांनी कक्षा बरीच रुंद केली, तरी त्यांच्या हयातीतला बाजार, कारखाना आणि वस्ती यांतले पुष्कळ बोलणे निसटले. आज जो शब्द कोशात सापडत नाही तो बहुधा दुर्मिळ नसतो. रोज हजारो तोंडी असलेला शब्द कोणी नोंदवलेला नसतो, एवढेच.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे उभे राहावे. शेतकऱ्याचा माल आडत्याकडे उतरतो, तोलणार तो तोलतो, हमाल वाहतो. ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘वाराई’ हे तिथले वेगवेगळे आकार आहेत आणि ते कोणी भरायचे यावरून संप झालेले आहेत. लिलाव आटोपला की शेतकऱ्याच्या हातात ‘पट्टी’ पडते : किती नग, किती वजन, काय भाव, खर्च वजा जाता किती रक्कम. ‘पट्टी आली का?’ या प्रश्नावर पुणे, नगर, सोलापूर जिल्ह्यांतल्या घरांचे महिन्याचे गणित अवलंबून असते. पट्टी हा शब्द जुन्या कोशांत आहेच, कापडाची आहे, कराची आहे, वर्गणीची आहे. पण बाजार समितीतली ही पट्टी स्वतंत्र अर्थ म्हणून, उदाहरणासह, त्या नोंदीत आली पाहिजे. सहकारी कोशात नवा शब्द घालण्याइतकेच जुन्या शब्दाला नवा अर्थ जोडणे मोलाचे आहे, आणि तिथे उणिवा जास्त आहेत.

माथाडी हा शब्द पाहा. डोक्यावर ओझे वाहणारा कामगार. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावातही ‘माथाडी’ तसाच ठेवावा लागला. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच वर्गाची संघटना उभी केली. अशा संघटनांची निवेदने, मागणीपत्रके, करारनामे यांत कष्टकऱ्यांच्या भाषेतले शब्द छापून आलेले आहेत. कोशाला लेखी दाखला हवा असतो. तो कथा-कादंबऱ्यांतच शोधायचा असा काही नियम नाही.

बुरूड आळीत काम वेगळे. गौरी-गणपतीच्या आधी तिथे सुपांच्या चळती लागतात. सूप, टोपली, परडी, करंडी, हारा, कणगी, रोवळी अशी बांबूची भांडी, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले. एखाद्याने कोशात ‘रोवळी : एक प्रकारची टोपली’ असे लिहिले तर नोंद झाली, पण वाचकाच्या पदरात काही पडले नाही. रोवळीची वीण अशी असते की धुतलेल्या तांदळातले पाणी निथळून जाते आणि दाणा आत राहतो. म्हणून व्याख्या अशी व्हावी : ‘धुतलेले तांदूळ, डाळ निथळण्यासाठी वापरायची, कामट्यांच्या बारीक विणीची टोपली.’ मग लिंग, ती रोवळी. अनेकवचन रोवळ्या. विभक्ती लागताना एकवचनी रोवळीत, अनेकवचनी रोवळ्यांत. मग एक खरे वाक्य, म्हणजे कुठेतरी बोललेले किंवा छापलेले. आणि शक्य असेल तर आळीतल्या कारागिराच्या परवानगीने काढलेले छायाचित्र, कारण शंभर शब्दांनी विणीची कल्पना येत नाही ती चित्राने येते. स्टीलच्या चाळणीने स्वयंपाकघरातून रोवळी हलवली आहे. तिला पाहिलेली माणसे आहेत तोवर ही नोंद नीट व्हायला हवी.

विभक्तीच्या रूपांबद्दल थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण मराठी नोंदींत सर्वात मोठी हेळसांड इथे होते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला पुस्तकात ‘विहीर’ क्वचित भेटते, त्याला भेटते ‘विहिरीत’. ‘पाणी’ नाही, ‘पाण्याला’. मूळ शब्द ठाऊक नसेल तर तो कोशात काय शोधणार? छापील कोशाला प्रत्येक रूपासाठी जागा देणे परवडत नव्हते. इंटरनेटवरच्या कोशाला परवडते. ‘पाण्या’ हे ‘पाणी’चे सामान्यरूप आहे, एवढी एका ओळीची नोंद केली तरी वाट मोकळी होते. ही अडचण केवळ आपली नाही. आधुनिक ग्रीकमध्ये ‘लिहिणे’सारखे रूपच उरलेले नाही, म्हणून ग्रीक कोशात क्रियापद ‘ग्राफो’, म्हणजे ‘मी लिहितो’, या रूपाखाली सापडते. संस्कृत कोशात धातू शोधावा लागतो. मराठीने ‘-णे’ हे रूप पत्करले आहे, आणि ते सगळ्या नोंदींत एकसारखे पाळावे.

ग्रीकशी आणखी एक साम्य आहे. ग्रीसने १९८२ मध्ये शब्दांवरच्या अनेक स्वरचिन्हांना रजा देऊन एकच चिन्ह ठेवले. त्यामुळे त्याआधी छापलेले ग्रीक आणि नंतरचे ग्रीक दिसायला वेगळे आहे, आणि तिथल्या विक्शनरीच्या स्वयंसेवकांना दोन्ही लेखनांची सांगड घालत बसावे लागते. मराठीत साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांत ‘करणें’ आहे, आज आपण ‘करणे’ लिहितो. शोधपेटीला हे दोन वेगळे शब्द वाटतात. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचे कोश इंटरनेटवर आणून मराठीवर मोठे उपकार केले. पण ज्याला जुने लेखन ठाऊक नाही तो तिथून कधीकधी रिकाम्या हाताने परततो. सहकारी कोशात आजचे लेखन शीर्षशब्द म्हणून घ्यावे आणि जुने लेखन त्याकडे वळवावे, एवढे केले तरी दोनशे वर्षांचे छापील मराठी शोधणाऱ्याच्या हाती येते.

टंकलेखनाचे त्रास याहून किचकट आहेत. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत दरी आणि समुद्र एवढा फरक आहे, आणि ‘दऱ्या’मधला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. म्हणून एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात आणि दोघा संपादकांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. नवी नोंद करण्याआधी शब्द दोन्ही पद्धतींनी शोधून पाहण्याची सवय लावून घ्यावी. उच्चार लेखनात दिसत नाही हे तर जुनेच दुखणे. थोडे या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ लिहायला एक, बोलायला दोन. चार आणि चारा यांतल्या ‘च’चेही तेच. कागदावरच्या कोशाला खुणा करून भागवावे लागे, इथे बोलणाऱ्याचा आवाजच जोडता येतो.

सहकारी कोशात एक नोंद दुसरीला बांधलेली असते. ज्या शब्दाचे पान अजून नाही त्याचा दुवा लाल दिसतो. शाळकरी मुलाच्या पाठीवरचे ‘दप्तर’ घ्या. हा शब्द फार्सी ‘दफ्तर’मधून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’पर्यंत, म्हणजे कातड्यापर्यंत जाते, कारण एके काळी कातड्यावर लिहीत. मराठी नोंदीत ही साखळी लिहिणाऱ्याला ग्रीक शब्दाचा दुवा लाल दिसला, तर ग्रीक जाणणारा कोणीतरी ते पान भरेल तेव्हाच मराठी नोंद पुरी होईल. ‘कलम’ अरबीतून येतो आणि ग्रीक ‘कालामोस’शी, बोरूशी जाऊन भिडतो. ज्योतिषातले ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे संस्कृतमार्गे आलेले ग्रीकच. अथेन्सच्या स्वयंसेवकाने भरलेले पान पुण्यातल्या नोंदीच्या उपयोगी पडते, आणि उलटही. कृ. पां. कुलकर्णींनी १९४६ च्या व्युत्पत्तिकोशात एकट्याने ओढलेला हा गाडा आता अनेक भाषांतली माणसे मिळून ओढू शकतात. मात्र व्युत्पत्ती कल्पनेने लिहू नये. ध्वनी जुळला म्हणून शब्द जोडण्याची हौस आपल्याकडे फार आहे, आणि कोशाची पत घालवायला ती पुरेशी आहे.

दाखल्याच्या बाबतीत तसेच कडक राहिले पाहिजे. इंग्रजी विक्शनरीत, ज्या भाषांचे लेखन विपुल आहे त्यांच्या शब्दाला तीन स्वतंत्र दाखले लागतात आणि त्यांचा काळ किमान एका वर्षाचा असावा लागतो. ज्या भाषांचे लेखन तुटपुंजे आहे त्यांना एकही चालतो. मराठीत लेखन विपुल आहे, पण मराठीच्याच अनेक बोलींत ते तुटपुंजे आहे. प्रमाण मराठीतल्या शब्दाला कडक कसोटी आणि बोलीतल्या शब्दाला सैल कसोटी, हेच न्याय्य ठरेल. ‘नादखुळा’ कोल्हापुरातून निघून दुकानांच्या पाट्यांवर आणि गाड्यांच्या मागे पोचला आहे, त्याला दाखल्यांची वाण नाही. एखाद्या तालुक्यातल्या शेतीच्या अवजाराच्या नावाला मात्र छापील आधार मागितला तर तो शब्द कायमचा बाहेर राहील. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसाठी केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित करून खुले केले आहेत. अशा ध्वनिमुद्रणाचा दाखला छापील पानाइतकाच पक्का मानावा.

जुन्या कोशातून व्याख्या जशीच्या तशी उचलणे हा सोपा मार्ग आहे आणि तो बहुतेक वेळा बंद ठेवावा. मोल्सवर्थ यांचा कोश केव्हाच मुक्त झाला आहे. पण भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क चालतो, त्यामुळे अलीकडच्या कोशांतल्या व्याख्या हक्काखाली आहेत. शब्द कोणाच्या मालकीचा नसतो, व्याख्येची वाक्ये असतात. हक्काचा प्रश्न बाजूला ठेवला तरी १८५७ ची व्याख्या १८५७ चे जग सांगते. हजारो नोंदी एका रात्रीत यंत्राने ओतून संख्या फुगवता येते. ती फुगवून मराठीचे काही भले होत नाही.

शिव्या, जातिवाचक शब्द आणि हिणवणाऱ्या म्हणी यांचा प्रश्न प्रत्येक नव्या संपादकापुढे येतो. जुन्या कोशांत जातींवरच्या म्हणी भरपूर आहेत आणि त्या बहुधा कोणत्याही इशाऱ्याविना दिलेल्या आहेत. त्या पुसून टाकल्या तर भाषेचा आणि समाजाचा इतिहास पुसला जातो. त्या तशाच ठेवल्या तर कोश अपमानाला हातभार लावतो. शब्द ठेवावा, त्यावर ‘अवमानकारक’ अशी ठळक खूण करावी, तो कोणाविरुद्ध वापरला गेला ते स्पष्ट लिहावे आणि त्याच्या उदाहरणासाठी नवे अपमानाचे वाक्य कधीही रचू नये. यावर वाद होतील. ते त्या नोंदीच्या चर्चापानावर, दाखल्यांनिशी व्हावेत.

पुढच्या प्रकरणांत नोंदीचा साचा, शोधाच्या युक्त्या आणि विषयवार याद्या दिल्या आहेत. सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्याला एकच सुचवावेसे वाटते : स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या धंद्यापासून. शिंप्याच्या मुलाला शिवणकामाचे शब्द विचारायला दूर जावे लागत नाही, परिचारिकेला वॉर्डातले, रिक्षाचालकाला थांब्यावरचे. शब्द ऐकला त्या दिवशी टिपावा, कारण नंतर वाक्य आठवत नाही. सांगणाऱ्याचे नाव लिहायची गरज नाही, पण गाव, तालुका, व्यवसाय, साधारण वय आणि तारीख लिहावी. ‘ग्रामीण’ ही खूण शक्यतो टाळावी. दाते-कर्व्यांनी ‘राजा.’ आणि ‘व.’ लिहिले तेव्हा त्यांच्याकडे जागा मोजकी होती. आता ती अडचण नाही, तेव्हा ‘जुन्नर’, ‘भोर’, ‘दौंड’ असे पुरे नाव लिहावे. एकच शब्द दोन तालुक्यांत दोन अर्थांनी सापडला तर दोन्ही अर्थ आपापल्या तालुक्याच्या नावानिशी एका नोंदीत द्यावेत.